बिनविरोध सुवर्णपदक

माझ्या मुलीला बॉक्सिंगमध्ये जिल्ह्याचं सुवर्णपदक मिळालं, तेव्हा तिनं कुणालाही एकसुद्धा ठोसा मारलेला नव्हता.

हे मला तासाभरानं कळलं, आणि तेही मी विचारलं म्हणून. नांदेडात माझं ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. वीस वर्षं 'ओरिजिनल का डुप्लिकेट?' या एकाच प्रश्नावर पोट भरल्यामुळे समोर काहीही आलं की माझ्या तोंडून तेच निघतं. (लग्नात बायकोचे दागिने बघूनही निघालं होतं. तो विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही.) त्यात पल्लवी बॉक्सिंगला जायला लागल्यापासून मला जगातल्या हेवीवेट चॅम्पियनांचा नाद लागला. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर त्यांच्या जुन्या लढती बघायच्या आणि हा जिंकला खरा, पण कुणाला हरवून, याचा शोध घ्यायचा. एकेकाची यादी काय निघते म्हणता! समोरचे निम्मे उतारवयातले, काही नुसतेच ढेरीवाले, एक तर घंटा वाजायच्या आधीच दमलेला! दुसऱ्या एखाद्याचे विजय थोडे, पण पाडलेला एकेक गडी म्हणजे डोंगर. मग मोठा कोण? मी रोज मत बदलत होतो आणि मजेत होतो.

तर पल्लवी पदक घालून घरी आली. मंगलनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तिला ओवाळलं. शेजारीपाजारी पेढे गेले. आणि मी विचारलं,

"कितीजणींना हरवलं गं?"

"कुणालाच न्हाई, पप्पा."

"म्हंजे?"

"सगळ्यात वरच्या वजनगटात मी एकलीच होते. दुसरी कुणी आलीच न्हाई. पंचांनी माझा हात वर केला, झालं."

"म्हंजे बिनविरोध?"

मंगलच्या हातातलं ताट जागच्या जागी थांबलं.

"सरपंच बिनविरोध झाला की गुलालात लोळता! अन् पोरीच्या पदकाला नाक मुरडून राहिलात?"

"नाक कुठं मुरडलं? नुसतं विचारलं."

"दागिने बघून बी नुसतंच विचारलं होतं!"

पल्लवीनं मात्र पदक काढून फ्रीजवर ठेवलं. "पप्पांचं बरोबर हाय आई. मला बी तेच वाटून राहिलं. पुढल्या महिन्यात लातूरला विभागाची स्पर्धा हाय. तिथं तरी मला एकदा खरं खेळायचंय. हरले तरी चालंल."

मला फार वाईट वाटलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली पोर, पहाटे पाचला उठून धावते, आणि बापानं पदकाचं पॅकिंग फोडून बघावं!

पण खरं खेळायचं तर सराव हवा आणि सरावाला तोडीस तोड कुणीतरी हवं. तिचे कोच शेख सर म्हणाले, "पोरांसंगं खेळवून बघितलं ना भाऊ. दोघं पळाले. तिसरा रडला. बच्ची के मुक्के में दम है!" तेव्हा मीच शोधमोहीम हाती घेतली. भोकरचं एक गिऱ्हाईक चांगलं दांडगं दिसलं, म्हणून मोठ्या आशेनं विचारलं, "पाहुणे, तुम्हाला मुलगी असेल ना? किती किलोची हाय?" त्यानं हातातला ऑईल फिल्टर काउंटरवर ठेवला आणि तो निघून गेला. तो अजून आलेला नाही.

तेवढ्यात शेख सरांनी बातमी आणली. लातूरला पल्लवीच्या गटात एक मुलगी आहे! उदगीरची श्रावणी बिरादार, आणि तिच्याकडे चार सुवर्णपदकं! पल्लवी आनंदानं उडाली. मी फोन उचलला. उदगीरमधले तीन दुकानदार, एक मेकॅनिक आणि त्या मेकॅनिकची कॉलेजात जाणारी भाची, इतक्यांना कामाला लावून संध्याकाळपर्यंत मी निकाल आणला.

"पल्लवी! चारही पदकं बिनविरोध! तिनं आजवर माशी मारलेली नाही!"

"पण ती सराव कुणासंगं करते, ते विचारलं का?"

ते विचारायचं राहिलंच होतं. माझं तोंड पडलेलं बघून तिनं जरा वेळ मला न्याहाळलं आणि हळूच म्हणाली, "पप्पा, तुमचं वजन किती हाय?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला आमच्या गच्चीवर लढती सुरू झाल्या. शेख सरांनी डोक्याचं गार्ड दिलं, ग्लोव्हज दिले, आणि निरोप दिल्यासारखा माझा हात हातात घेतला. पहिल्या दिवशी मी "थांब, मला तयार तर..." एवढं म्हणेपर्यंत आभाळ दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या सांडग्यांवर पडलो. दहापर्यंत मोजायला मंगल असायची. पाचपर्यंत ती सावकाश मोजायची, पुढं तिचा वेग वाढायचा. मला उठायची संधी मिळू नये, असाच तो वेग होता! महिनाभरात माझ्या बरगड्या मला एकेक करून ओळखू यायला लागल्या. पण पल्लवीचा उजवा हात असा सुटायला लागला, की खाली पडल्या पडल्या मला अभिमान वाटायचा.

लातूरला आम्ही तिघं गेलो. मी पल्लवीच्या बुटांच्या नाड्या बांधत होतो, तेव्हा एक भरदार मिशांचे गृहस्थ जवळ आले.

"नांदेडचे का तुम्ही? मी बिरादार. श्रावणीचा बाप. उदगीरच्या मोंढ्यात धान्याची आडत हाय आपली."

"नमस्कार, नमस्कार!"

"तुमच्या पोरीचं जिल्ह्याचं पदक बिनविरोध हाय म्हणं?" (म्हणजे यांनीही फोन केले होते!) "मग तिनं आजपोत्तर पाडलं तरी कुणाला?"

मी सांगणार होतो की आहेत बरेच, नावं आत्ता आठवत नाहीत. पण माझी लेक खोटं बोलत नाही.

"पप्पांना," ती म्हणाली. "रोज."

बिरादारांनी मला टाळूपासून चपलेपर्यंत पाहिलं. मोंढ्यात मूठभर तूर तळहातावर घेऊन बघतात तसा माझा दंड दाबला, आणि लेकीकडे गेले. त्यांचा आवाज मात्र मोंढ्यातलाच होता.

"काही भ्यायचं न्हाई, बाळा. तिनं निस्तं त्या माणसाला पाडलंय. त्या तिकडं. बघ, बघून तर घे!"

श्रावणीनं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. पंचांनीही एकदा बघून घेतलं.

घंटा वाजली. श्रावणी हात खाली सोडून, फिरायला निघाल्यासारखी पुढं आली, आणि पल्लवीचा उजवा तिच्या गालावर बसला! मग मात्र खरं सुरू झालं. दुसऱ्या फेरीत श्रावणीनं सगळं परत केलं, वर व्याजही दिलं. पल्लवीच्या नाकातून रक्त आलं. मंगल माझा तोच दंड धरून ओरडत होती आणि मी डोळे मिटून "झालं का? झालं का?" विचारत होतो. तिसरी फेरी संपली. पंचांनी दोघींची मनगटं धरली. मग पल्लवीचा हात वर गेला.

ती खाली आली ती सुजलेल्या नाकानं, रडत आणि हसत. "पप्पा! तिनं मला लई मारलं! लई भारी खेळते ती!" इतक्या आनंदानं मार खाल्ल्याचं कुणी सांगताना मी ऐकलं नव्हतं. माझेही डोळे भरून आले आणि या वेळी बरगड्यांचा त्यात काही संबंध नव्हता.

बिरादार पुन्हा आले. बाजूला उभी राहून श्रावणी बर्फ लावत होती, तीही हसत होती.

"पाहुणे, आमचा अंदाज चुकला. तुम्ही मार खाऊन खाऊन पोरगी तयार केली. एक विनंती हाय. आमच्या श्रावणीला बी उदगिरात जोड मिळंना. रविवारचं येत जावा की तुम्ही."

"अहो, तुम्ही आहात की घरातच!"

"मला बीपी हाय."

मी काही बोलायच्या आत मंगल म्हणाली, "येतील की! रविवारी दुकान बंदच असतंय."

तेव्हापासून सोमवार ते शनिवार मी नांदेडला पडतो आणि रविवारी उदगीरला. लोक हसतात. हसू देत! मी प्रत्येकाला एवढंच सांगतो, की भाऊ, किती हरलो ते मोजू नका, कुणाकडून हरलो ते बघा. विभागातलं सुवर्णपदक आणि रौप्यपदक! कितीतरी जगज्जेत्यांची यादी मी तपासली आहे. प्रत्येकाच्या यादीत एखादा तरी भरतीचा गडी सापडतो. मी मात्र आजवर एकाही ऐऱ्यागैऱ्याकडून मार खाल्लेला नाही!