बाईचे काटे

‘झाकलं ते राखलं, उघडलं ते उधळलं.’

बाईंचं हे बोलणं उद्यानात झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. फाटकावरचा पहारेकरी तर जेवणाच्या डब्याला झाकण लावतानाही हेच म्हणायचा आणि स्वतःशीच हसायचा. पाठीमागे सगळे बाईंना झाकणबाई म्हणत. एकदा पहारेकऱ्याच्या तोंडून ते समोरच निसटलं आणि तो जीभ चावून उभा राहिला. बाई म्हणाल्या, “चावू नकोस रे, तुटेल. झाकण असतं म्हणूनच दूध मांजराच्या तोंडी लागत नाही.”

बाईंचं काम पुरातत्त्वाचं. शहराच्या कडेला टेकडी, टेकडीच्या पायथ्याला नदी आणि त्या दोघींच्या मधे पसरलेलं सरकारी उद्यान. लोक तिथं फिरायला येत, पोरं चेंडू खेळत, म्हातारे बाकांवर बसून सुनांची उणीदुणी काढत. त्यांच्या पायाखाली हातभर मातीत एक जुनी वस्ती निजलेली आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्या निजलेल्या वस्तीची राखण बाईंकडे होती. अंगाईचं काम म्हणा ना. कुणी तिला जागं करू नये, एवढंच पाहायचं.

नोकरीला लागल्या तेव्हा बाईंनीही इतरांसारखंच केलं होतं. नदीकाठी एक जुनं दफन सापडलं, त्याला तारेचं कुंपण घातलं, मोठा फलक लावला. पुढचा आठवडा उजाडायच्या आत तिथं खड्डे पडले. सोनं मिळेल म्हणून कुणी कुदळी चालवल्या होत्या आणि सोनं नाही म्हटल्यावर रागानं सगळं उकिरड्यासारखं विस्कटून टाकलं होतं. बाई दिवसभर उकिडव्या बसून हाडं वेचत होत्या. फलक म्हणजे चोराला धाडलेलं आवतण, हे त्या दिवशी त्यांना कळलं. नंतर त्यांनी उद्यानातला एकूणएक फलक उपटून टाकला. मुख्य कचेरीला अहवाल जायचे, पण त्यात जागा अशी मोघम लिहिलेली असायची, की वाचणाऱ्यानं सगळं उद्यान पालथं घातलं तरी हाती काही लागू नये.

मग राखण करायची कशी? ती युक्ती बाईंना दादानं दिली.

दादा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ, उद्यानातला मुख्य माळी. वडील लवकर गेले तेव्हा यानं शाळा सोडून रोपवाटिकेत फावडं धरलं आणि धाकट्या बहिणीला शिकवलं. तिच्या पुस्तकांना कव्हरं तो घालायचा, तिच्या परीक्षेच्या दिवशी उपाशी तो राहायचा. दोघांची घरं उद्यानाच्याच वसाहतीत, मधे एकच भिंत. बाईंनी लग्न केलं नाही. जेवायला वहिनींच्या हातचं, भांडायला दादा, बाकी सगळा संसार मातीशी.

दादा म्हणाला होता, “चिमे, जिथं तुझं काही असेल तिथं मी काटेरी झुडपं लावतो. दाट, अंगाला ओरबाडणारी. कुणी बसणार नाही, खेळणार नाही, खणणार तर मुळीच नाही. बघणाऱ्याला वाटेल माळ्याची हौस.”

तसंच झालं. बाई जागा तपासायच्या, पाहायचं ते पाहून घ्यायच्या आणि परत बुजवायच्या. तळाला चाळलेली वाळू, वर कापड, मग ज्या क्रमानं निघाली त्याच क्रमानं माती: आधी पिवळी, मग काळी. सगळ्यात वर जशीच्या तशी कापून ठेवलेली हिरवळ. त्यावर दादा काटे लावायचा. त्या झुडपांना सगळे ‘बाईचे काटे’ म्हणू लागले. साहेब बदलत, नवे येत. बाई प्रत्येकाला अभिमानानं सांगत, “कागद शोधत बसू नका. काटे बघा. काटे आहेत तिथं कुदळ नाही, एवढं पाळा.” आणि सगळ्यांनी ते पाळलं.

बाईंचं सगळ्यात मोठं गुपित होतं पूर्वेकडच्या माळावर. तिथं मडकी भाजायचा एक जुना आवा होता, आणि तो भरलेला होता. कुणी कुंभारानं मडकी रचून आवा पेटवला आणि पुन्हा तो उघडलाच नाही. पळाला, मेला, पूर आला, देव जाणे. बाईंनी एक कोपरा उघडून विजेरी आत धरली. एकावर एक पालथी घातलेली मडकी, हात लागलेला नाही, तडा नाही. ताडपत्रीचं दुसरं टोक धरून दादा उभा होता.

“काढायचं एखादं?” त्यानं हळूच विचारलं.

“नाही. आपल्याहून शहाणी माणसं पुढं येतील, त्यांच्याकडे आपल्याहून बरी अवजारं असतील. त्यांच्यासाठी राहू दे.”

कोपरा बुजला. त्यावर काटे आले, फुलले, पाखरांनी त्यात घरटी केली. बाई रोज त्या बाजूनं फिरायला जायच्या आणि तिकडे न बघता पुढं जायच्या. ठेव ज्याची असते त्याला ती बघावी लागत नाही.

दादाचीही एक ठेव होती. पश्चिमेला जिथं कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं, तिथं त्यानं खांद्यावरून पाणी वाहून राई उभी केली होती. आता तिच्या सावलीत भर उन्हातही गारवा असे. वहिनी म्हणायच्या, “एखादी सवत असती तर झिंज्या धरून बाहेर काढली असती. या एवढ्या सवतींचं मी काय करू? प्रत्येकीला मुळं!”

मग उद्यानात येणाऱ्या पाहुण्यांसाठी माहिती केंद्र बांधायचं ठरलं. टेकडीकडे चढ, नदीकडे पुराची भीती. सपाट जागा दोनच, माळ आणि राई. माळावर बाईचे काटे होते, म्हणून साहेबानं राईवर बोट ठेवलं.

त्या दिवशी दादा बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

“चिमे, तू एवढंच सांग साहेबाला, राईखाली काहीतरी आहे. एक खापर टाकू आपण तिथं. तुझ्या पेटीत खापरं काय कमी आहेत?”

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. “दादा, राईखाली काही नाही. मी स्वतः तपासलंय. मातीच्या नावानं मी खोटं बोलले, तर उद्या माझ्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवील? दुसरं काहीही सांग. अर्ज करते, साहेबाशी भांडते, वरच्या कचेरीत जाऊन बसते.”

“झाडं तोडू नका म्हणून आजवर अर्जानं कुणी थांबलंय?”

“मी प्रयत्न करते.”

“बरं,” दादा म्हणाला, आणि गेला. त्या ‘बरं’ला बाई होकार समजल्या.

त्या साहेबाशी भांडल्या, अर्ज दिले, वर जाऊन बसल्याही. हाती काही आलं नाही. मग त्यांना महिनाभर मुख्य कचेरीत प्रशिक्षणासाठी जावं लागलं. निघताना वहिनींनी डबा भरून दिला. दादा फाटकापर्यंत पिशवी घेऊन आला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. बाईंना वाटलं, रुसवा गेला.

परत आल्या तेव्हा फाटकातच यंत्राची घरघर ऐकू आली. घरघर पश्चिमेकडून यायला हवी होती. ती पूर्वेकडून येत होती.

बाई पिशवी टाकून धावल्या. माळावर पिवळं यंत्र उभं होतं आणि त्याचा पंजा मातीत होता. काटे नव्हते, एकही नाही. खोदलेल्या चराच्या कडेला लालभडक भाजलेली माती, आणि त्या मातीत ताज्या फुटलेल्या मडक्यांचे तुकडे. जुन्या खापराची कड बोथट असते, मळलेली असते. या कडा लख्ख होत्या.

“थांबव! बंद कर ते!”

चालकानं यंत्र बंद केलं आणि खाली उतरला. भला माणूस. “बाई, मी बघूनच हात घातला हो. काटे असते तर दात लावला नसता. सगळा माळ पायी फिरलो. हवं तर साहेबांना विचारा.”

बाईंनी खाली बघितलं. आवा उभा चिरला होता. अर्धा गेला होता. उरलेल्या अर्ध्यात मडकी तशीच पालथी निजलेली, चिरल्या जागी उघडी पडलेली, जणू कुणी पांघरूण ओढून घेतलं आणि त्यांना अजून कळलंच नाही.

चराच्या कडेची हिरवळ बाईंनी हातानं चाचपली. इथं तिथं पाटीएवढी ठिगळं होती, नवी हिरवळ बसवून पाणी घातलेली. म्हणजे झुडपं कुणी तोडली नव्हती. मुळाशी मातीचा गड्डा ठेवून, जपून उचलली होती.

त्या राईकडे चालू लागल्या. राईच्या कडेनं, सावलीच्या रेषेवर, बाईचे काटे उभे होते. प्रत्येकाला गोल आळं. उताराकडची कड उंच, आळ्यात सुका पाला, पाल्यावर दगड, वाऱ्यानं उडू नये म्हणून. असं आळं या उद्यानात एकच माणूस करत असे. लहानपणी अंगणात त्यानंच बाईंना ते करायला शिकवलं होतं.

दादा राईतच होता. पाणी घालत होता. बहिणीला पाहून त्यानं झारी खाली ठेवली.

“कधी आलीस? जेवलीस का?”

“दादा, आवा फुटला.”

“हूं.”

“तू पाहिला होतास. तुझ्या हातात ताडपत्री होती. त्या जागेवर माझ्याशिवाय या जगात एकट्या तुझा डोळा पडला होता!”

“म्हणूनच काटे मी हलवले. दुसऱ्या कुणी हलवले असते तर मुळं तुटली असती.” तो हसायला गेला, पण हसू ओठांवर आलं नाही. “ऐक. तुझं मेलेलं आहे, चिमे. कधीच मेलंय. त्याला आज मारलं काय, राखलं काय. माझं जितं आहे. रोज पाणी पितं. मी तुझ्या दारात आलो होतो. एक खापर मागितलं. जन्मभरात पहिल्यांदा तुझ्याकडे काही मागितलं.”

“तोंडावर भांडला असतास. शिव्या दिल्या असत्यास. मी कचेरीच्या पायऱ्या झिजवत होते, त्या कुणासाठी?”

“माझ्या घट्ट्यांवर शिकलीस, आणि मला माती शिकवतेस?”

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्याच्या न बोलण्यावरच त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं.

आवाज ऐकून वहिनी धावत आल्या, हाताला पीठ तसंच. “ताई, रात्रंदिवस यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता हो. मी म्हणत होते, सांगून टाका, बहीणच आहे, फाडून खाणार नाही.”

“तुम्हालाही ठाऊक होतं?”

वहिनी हातावरचं पीठ चोळत राहिल्या. डबा भरून देणारे ते हात बाईंनी एकदा पाहिले आणि नजर काढून घेतली.

तेवढ्यात चालकाला बरोबर घेऊन साहेब आला. तरुण होता, दमलेला होता. “मॅडम, काय प्रकार आहे? काम का थांबवलं? तुमचाच नियम पाळला ना आम्ही? माळावरचे काटे राईभोवती आलेले दिसले, मला वाटलं तुम्हीच हलवायला सांगितलेत, म्हणून तर मी नकाशा बदलला. माळ मोकळा, राई राखीव. मी म्हटलं, बाई बोलल्या नाहीत, पण काटे बोलले.”

“मी सांगितलं नाही, साहेब. माझ्या माघारी हलवलेत.”

“मग हलवले कुणी?”

राईत वाऱ्याची झुळूक आली आणि पानं सळसळली. दादानं मान वर केली नाही. एका आळ्यातला दगड उगाच उचलून पुन्हा तिथंच ठेवला. वहिनींनी डोळ्यांनीच विनवलं. बाई म्हणाल्या असत्या, ‘ठाऊक नाही’, तर साहेबानं मानलं असतं. चोर, उनाड पोरं, कुणाच्याही नावावर ते खपलं असतं. पण मग राईखाली काय आहे, हा प्रश्न पुढं उभा राहिलाच असता, आणि तिथंही खरं झाकावं लागलं असतं.

“माझ्या भावानं,” बाई म्हणाल्या.

साहेबानं माळ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. “मॅडम, तुम्हाला कळतंय ना? माळावरचं काम मी आत्ता बंद करतो. पण मग इमारत परत इथंच येणार. एकदा नीट सांगा. या झाडांखाली काही आहे का?”

दादा उठून उभा राहिला. त्याच्या तोंडून इतकंच निघालं, “चिमे.”

लहानपणी अंधाराला भिऊन ती रडायची तेव्हा तो अशीच हाक मारायचा. बाईंनी ती हाक ऐकली.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “मी तपासलंय.”

“पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस,” दादा म्हणाला. आवाज चढवला नाही. रोपं कुठं लावायची हे मजुराला सांगावं, तसं सांगितलं.

बाईंनी चालकाला विचारलं, “यंत्रावर ताडपत्री आहे का?” त्यानं होकाराची मान हलवली. “मग घेते मी ती. दव पडायच्या आत तेवढा अर्धा झाकला पाहिजे.”

“चला, मी धरू लागतो,” चालक म्हणाला.

“नको. मी एकटी करीन.”

त्या राईतून बाहेर पडल्या. पाठीवर ऊन आलं. फिरायला आलेले म्हातारे बाकांवरून उठून घरी निघाले होते, त्यांतल्या एकानं रामराम घातला, पण बाईंना तो ऐकू गेला नाही. पदर खोचून, एका चालीनं, मागे न बघता त्या माळाकडे गेल्या. साहेब फोनवर कुणाशी तरी बोलायला लागला होता. वहिनी घराकडे वळल्या, दोन पावलं गेल्या आणि तिथंच बसल्या. बाईंकडे बघत होता तो एकटा दादा. झाडाला टेकून, पाण्याची झारी पायाशी लवंडलेली, ती उचलायचंही भान नव्हतं. माळाच्या उंचवट्यापलीकडे आधी तिचे पाय गेले, मग पाठ, मग डोकं. तरी तो तिकडेच बघत उभा होता.