गोदाच्या डोक्यावर पुन्हा पाटी

माझा चुलता नाथा म्हणजे बाळकुमातला सगळ्यात खडूस माणूस. आता टॉवरमध्ये राहतो, पण लिफ्टमध्ये कोणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की असा बघतो, जसं काय त्याच्या शेतात कोणाचं ढोर शिरलंय. आमची बोली तो कोणासाठी बदलत नाही. बिल्डरशी ज्या बोलीत भांडला, त्याच बोलीत बँकेच्या मॅनेजरशी भांडतो. बरोबरच करतो.

जमीन जायच्या आधी काका मिठागरात मुकादम होता आणि गोदाकाकी, त्याची बायको, त्याच्याच हाताखाली मीठ वाहायची. बाकीच्या बायांनी 'नवऱ्याची लाडकी' म्हणू नये म्हणून तिलाच जास्त खेपा घालायला लावायचा. बाळंतपणातून उठते न उठते तोच डोक्यावर पाटी दिली. तेव्हापासून ती डावा पाय ओढत चालायची.

ती गेली तेव्हा दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखून अशा वेळी कबूल करायचं असतं. पोरांना सांभाळू, सांगून झालं. नातवाचं लगीन करू, सांगून झालं. कावळा ढिम्म. शेवटी काका पुढे झाला आणि म्हणाला, "गोदे, आता तुला कोन कामाला नाय लावनार. मी नाय, कोनीच नाय. जा."

कावळा आला. उभ्या जन्मात काकाने बायकोला दिलेला तेवढा एक शब्द.

त्याचा नातू हर्षित कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दर रविवारी हॉलमध्ये मित्र जमवून एक खेळ खेळतो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं, आणि पुढे काय घडलं ते फासे टाकून ठरवायचं. राक्षस, तलवारी, जादू. गोष्ट हर्षित सांगतो. डोंबिवलीची करिश्मा त्यात मांत्रिकीण आहे, मेलेल्यांना उठवून राबवणारी. तिसरा देवेश. तो बाण मारतो आणि वडे खातो.

एका रविवारी मी तांदळाचं पीठ द्यायला गेलेलो. काका दार उघडून मला आत घेतोय, तोच हर्षितचा आवाज आला, मुद्दाम घोगरा केलेला. "मिठागराच्या बांधाखालची माती हलते. एक बाई वर येते. नाकात नथ, कासोटा मारलेलं लुगडं. डावा पाय ओढते. नाव गोदा."

"भारी!" करिश्मा म्हणाली. "हिला मीठ वाहायला लावते. ही थकणार पण नाही." वीस बाजूंचा फासा टाकला. "वीस! उचलली पाटी!"

काका दारातच थांबला. "कोन गोदा रं?"

"आजा, गेम आहे. आजीची आठवण म्हणून नाव दिलं. अमर केलं ना तिला."

"अमर? अरे मेल्या, बैल केलास तिचा."

"चिल, आजोबा," करिश्मा म्हणाली. "मेलेल्याला काही दुखत नाही. मेलेले राबतायत आणि जिवंत गावकरी घरी बसून जेवतायत. यात वाईट कोणाचं झालं?"

"तिला इचारलास? येतीस का कामाला, असा इचारलास?"

देवेश तोंडातला वडा आवरत म्हणाला, "तिला कसं विचारणार? मेलेल्यांना टर्न नसते, आजोबा. टर्न आमची. ती फक्त सांगितलेलं करते."

"बग," काका मला म्हणाला. "खेलान पन तिला बोलू देत नाय."

करिश्मा कसली गप्प बसते! "आणि जिवंतपणी तुम्ही विचारलेलं? हर्षितने सांगितलंय सगळं. पाय कोणामुळे गेला तिचा?"

मला वाटलं, आता हिच्या कानाखाली वाजते. काकाने नुसतं बघितलं. "नाय इचारला. म्हनून तं मेल्यावर शबूद द्यावा लागला. तो तुमी मोरलाव." त्याने टेबलावरचे सगळे फासे गोळा करून बंडीच्या खिशात घातले. "निंगा."

"डोंबिवलीला खेळू रे, हर्षित," करिश्मा पिशवी उचलत म्हणाली. "इथे मेलेल्यांपेक्षा जिवंतच जास्त भुतं आहेत."

पोरगी तोंडाची तिखट. पण चूक ती चूकच. राक्षस मारा, राजे मारा, ते परत वार करतात. नाही म्हणायला ज्याला तोंडच ठेवलं नाही त्याला राबवायचं, यात कसली आलीय जादू? असली मुकादमी आम्ही फार बघितली.

गणपती गेले, पितृपक्ष आला. सर्वपित्रीला काकाने गच्चीवर पान ठेवलं. कावळा पाण्याच्या टाकीवर येऊन बसला, पण खाली उतरेना. ऊन चढलं. काकाने हर्षितला वर बोलावलं.

"तिला सोरलास का नाय?"

"सोडलं, आजा. मीठ नाही वाहत आता." हर्षित चप्पल घासायला लागला. "करिश्माने किल्ल्याच्या दारावर ठेवलंय. नुसती उभी असते. राखणदार."

"राखनदारी काम नाय?"

हर्षितला तिथेच ठेवून काका मला घेऊन जिन्यात आला आणि गच्चीच्या दाराला बाहेरून कडी घातली.

"आजा! अरे, ऊन आहे!"

"तुजी आजी पन उनानच होती."

थोडा वेळ शिव्या ऐकू आल्या. मग फोनवर बोलणं. "करिश्मा, गोदाला काढतोय... हो, तुझी टर्न आहे, माहितेय... ती तुझी नाही. गोष्ट मी सांगतो ना? ती माती झाली. संपलं... नको खेळूस मग." फोन बंद. मग आमच्या बोलीत, जी या पोराने कॉलेजात गेल्यापासून तोंडात घेतली नव्हती, अडखळत: "आजी... आता तुला कोन कामाला नाय लावनार."

काकाने दाराला कान लावला. "शिवला का?"

"नाही. बघतोय नुसता."

"मंग बोल परत," काका म्हणाला आणि पायरीवर बसला. "मोट्यान."