फटक्यानंतर हलायचं नाही

माझे सासरे माझ्याशी बोलत, माझ्या बायकोशी बोलत नसत. जावई म्हणून माझा मान राखायचा आणि मुलगी म्हणून तिच्यावर राग धरायचा, ही दोन्ही कामं ते एकाच पंगतीत बसून करायचे. आमरसाची वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणायचे, घ्या जावाई, लाजू नका. आणि समोर वाकून पोळी वाढणाऱ्या पोटच्या पोरीकडे मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत. तिनं वाढलेली पोळी मात्र खायचे. चार चार खायचे.

कारण सरळ होतं. ते यावल तालुक्यातले केळीवाले, त्यात फौजेतून सुभेदार होऊन आलेले. मी साक्रीकडच्या लोहाराचा मुलगा, धुळ्यात एका शाळेत पोरांना कानस आणि करवत धरायला शिकवणारा. ती जळगावला शिकत असताना आमची ओळख झाली. त्यांनी तिच्यासाठी केळीच्या बागांचं एक भरभक्कम स्थळ पाहून ठेवलं होतं, ते बाजूला सारून तिनं माझ्याशी लग्न केलं. आबा लग्नाला आले नाहीत. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो.

पण आमच्या खानदेशात आखाजी नावाची एक मोठी सोय आहे. अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी यायलाच हवी. लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, पुतण्याला मुराळी म्हणून लेकीला आणायला धुळ्याला धाडलं. आबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आखाजीला लेकीला नको म्हणणारा बाप खानदेशात अजून जन्माला यायचा आहे.

एसटीत बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती. चोपडा सोडल्यावर म्हणाली, "मला माफ बिफ काही नको करू दे. नुसतं 'जेवली का' एवढं विचारलं तरी पुरे." मी म्हटलं, विचारतील. नवऱ्याला आणखी काय म्हणता येतं?

पहिले दोन दिवस त्यांनी विचारलं नाही. तिच्याशी काही बोलायचं असलं तर माझ्यामार्फत. यांना सांगा, म्हशीला पाणी दाखवायचं राहिलं. हे 'यांना' म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माझ्यापासून दीड हातावर उभी. मी तिच्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हणायचो आणि स्वतःचाच राग यायचा. माणूस जावई म्हणून गेला आणि तारमास्तर होऊन बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी धान्याच्या कोठीमागे मला एक विचित्र काठी दिसली. लांब लाकडी दांडा, खाली लोखंडाचं चपटं, वाकडं डोकं. डोकं खिळखिळं झालं होतं. बायको म्हणाली, ती आबांची गोल्फची काठी.

मग कळलं ते असं. फौजेत असताना एका छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची देखभाल आबांकडे होती. साहेबांना बघत बघत ते खेळायला शिकले. पुढे साहेबच नवशिक्यांना त्यांच्याकडे धाडायला लागले, असं ते सांगत. यातलं खरं किती, ते त्यांनाच ठाऊक. निवृत्त होताना एका साहेबानं ही काठी आणि पिशवीभर चेंडू दिले. गावी आल्यावर कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, की त्या मोकळ्या काळ्या रानात आबा एकटेच चेंडू मारायचे. गाव म्हणायचं, सुभेदार ढेकळं फोडतो.

एकटे म्हणजे अगदी एकटे नाही. बांधावरच्या निंबाखाली त्यांची मुलगी बसलेली असायची. आमची काळी जमीन उन्हाळ्यात अशी फाटते की एकेका भेगेत हात कोपरापर्यंत जातो. चेंडू त्यात गेला की गेला. म्हणून तिचं काम एकच, चेंडू कुठं पडला ते नजरेनं धरून ठेवायचं आणि मग वाकवलेल्या तारेनं तो भेगेतून काढायचा. सातवी-आठवीत होती तेव्हापासून ती ते करायची. कॉलेजला गेली तरी सुटीत करायची. तिचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात आबांचे चेंडू भराभर रानानं गिळले. राहिले तीन. मग काठीचं डोकं ढिलं झालं आणि आबांनी ती कोठीमागे टाकून दिली.

मी लोहाराचा पोर. खिळखिळं हत्यार बघून हात स्वस्थ बसेना. गावातल्या लोहाराकडे गेलो, त्याच्याच भात्यावर एक खिळा तापवून डोक्यात ठोकला, वर पाचर मारली आणि काठी आणून आबांच्या खाटेला टेकवून ठेवली. आबांनी ती उचलली, हलवली, डोकं हातात धरून पिळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी उजाडायला मला हाक आली, "चला जावाई."

रानात त्यांनी स्वतः एक फटका मारला, हलकाच, वीसेक पावलांचा. मग काठी माझ्या हातात दिली. चेंडूला लागणं अवघड नव्हतं. मी लहानपणापासून वडिलांसमोर घण मारलेला, नेम चुकला तर वडिलांचं बोट जायचं. मी काठी उचलली आणि आणली खाली. चेंडू पाचसात हात सरपटला आणि थांबला. माझे कोपर पोटाशी आखडले, मी मागच्या टाचेवर डुललो आणि दोन पावलं मागे गेलो.

आबा जवळ आले. "जावाई, तुमचा हात चेंडूवरच मरून जातो. चेंडू म्हनजे काय ऐरन हाये?"

अगदी बरोबर बोलले. घण लोखंडावर थांबतो. कुऱ्हाड खोडावर थांबते, कुदळ मातीत थांबते. आमच्या सात पिढ्यांचा हात जिथं लागलं तिथं थांबायलाच शिकलेला. आणि हे गृहस्थ म्हणत होते की फटका लागतो तिथं अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं त्याच्यापुढे. डावा पाय खांबासारखा ताठ हवा, पोट आवळलेलं, छाती चेंडू गेला त्या दिशेला, उजवी टाच उचललेली, आणि दोन्ही हात मोकळे होऊन डाव्या खांद्याच्या वर. तिथं जाऊन थांबायचं. "मी बस म्हनत नही तोवर हलायचं नही."

मी विचारलं, मी हात वर धरून उभा राहिलो काय आणि न राहिलो काय, चेंडू तर निघून गेलेला असतो? ते म्हणाले, जो शेवटी उभा राहू शकत नाही तो आधीपासूनच पडत असतो. तेव्हा मला ते फौजी वळणाचं बोलणं वाटलं. आता वय झाल्यावर पटतं.

आणखी एक होतं. शिकवताना ते चेंडूकडे कधीच बघत नसत. माझ्या उजवीकडे चार पावलांवर उभे राहून माझा गुडघा बघायचे, कोपर बघायचे. त्यांचं म्हणणं, चेंडू बघतो तो नुसता बघ्या, मास्तर माणूस बघतो.

चार दिवस मी माती उकरली. मी चिडायचो, ते चिडायचे, पण जावयावर चिडायचं म्हणजे 'तुम्ही' म्हणून चिडायचं. माणसाला 'तुम्ही रेड्यासारखे उभे राहता' असं अदबीनं ऐकवलेलं मी तेवढंच अनुभवलं. बायको अंगणात दळण निवडत असायची. आम्ही परत आलो की आधी माझ्या तोंडाकडे बघायची, मग त्यांच्या. ते सरळ न्हाणीकडे जायचे.

सुटका केली ती अक्कांनी. सासूबाई जावयासमोर सहसा बोलत नसत, डोक्यावरचा पदर पुढे ओढून काम करत राहायच्या. त्या दिवशी मी अंगणात काठी घेऊन डुलताना त्यांनी बराच वेळ पाहिलं असावं. आत गेल्या आणि एक जुनी सुताची गोफण घेऊन आल्या. लहानपणी त्या ज्वारी राखायला माळ्यावर उभ्या राहायच्या. चार खांबांवरचा तो हातभर रुंदीचा माळा, खाली दीड पुरुष खोल. तिथून पाखरांवर गोफण मारायची.

त्यांनी पदर खोचला, ओट्याच्या अगदी कडेला उभ्या राहिल्या, गोफणीत मातीचं ढेकूळ ठेवलं, डोक्याभोवती एक फेरा दिला आणि सोडली. ढेकूळ अंगणापलीकडच्या एका निंबाच्या शेंड्यातून आरपार गेलं. हात सुटल्यासारखा पुढे जाऊन खांद्यापलीकडे पोचला. पाय तसूभर हलला नाही. पन्नाशीच्या पुढची बाई, आणि आबा ज्याच्यासाठी चार दिवस घसा कोरडा करत होते ते सगळं त्या अंगात जागच्या जागी होतं.

"हात जाऊ द्या," त्या मला म्हणाल्या, "पाय जाऊ देऊ नका. माळ्यावर पाय गेला म्हन्जे मानूस गेलं."

मग त्यांनी मला ओट्याच्या कडेला उभं केलं. डावा पाय कडेशी. फटका मारून तोल गेला तर खाली अंगणात, आणि अंगणात त्या वेळी म्हैस बांधलेली. मी तिथं दोनदा पडलो, एकदा शेणात. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा माझ्या बायकोला हसू आवरेना, आणि ओसरीवर आबांनी तोंडाला रुमाल लावलेला मी पाहिला. बापलेक एकाच वेळी हसले, पण एकमेकांकडे न बघता. आखाजी संपली, आम्ही धुळ्याला परतलो. 'जेवली का' कुणी विचारलं नव्हतं.

ते वर्षभर मी धुळ्यात भाड्याच्या घराच्या पायरीवर छत्री घेऊन सराव केला. शेजारची म्हातारी रोज थांबून बघायची. एक दिवस न राहवून तिनं विचारलं, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" मी म्हटलं, सासऱ्याला खूश करी ऱ्हायनू. ती म्हणाली, असा नवरा माझ्या पोरीला मिळाला असता तर! मला त्या वेळी बरं वाटलं. पायरीवरून पडून कपाळावर टेंगूळ आलं होतं, पण बरं वाटलं.

खरं म्हणजे सराव मी करत नव्हतो, बायको करून घेत होती. संध्याकाळी भाकरी टाकता टाकता दारातून आवाज यायचा, गुडघा वाकला. पोट सोडलं. कोपर आत आला. बाप प्रत्येक फटक्याला स्वतःलाच बजावायचा ते तिनं इतकी वर्षं निंबाखाली बसून ऐकलं होतं, आणि ते सगळं तिच्याजवळ होतं. कधी कधी आबांच्याच सुरात म्हणायची आणि मग एकदम चुलीकडे वळायची. अशा वेळी मला त्या म्हाताऱ्याचा फार राग यायचा. आणि त्याच्यासारखंच उभं राहायला शिकायचं होतं, त्याला इलाज नव्हता.

पुढची आखाजी आली. पुन्हा आमरस, पुन्हा 'यांना सांगा'. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा काठी घेऊन निघाले. चेंडू एकच उरला होता. दोन त्यांनी मधल्या काळात एकट्यानंच घालवले असावेत, पण ते आम्हाला सांगितलं नाही. या वेळी बायको माझ्यामागून चालत आली आणि निंबाखाली बसली. अक्काही आल्या, गवत कापायचं निमित्त करून बांधावर थांबल्या.

मी उभा राहिलो. आबा माझ्या उजवीकडे, चार पावलांवर, नजर गुडघ्यावर. उन्हं आत्ताच चटकायला लागली होती. मी ओट्याची कड डोळ्यांपुढे आणली, खाली म्हैसही आणली आणि काठी फिरवली.

लागल्याचं हाताला कळलंच नाही. हात पुढे गेले, वर गेले, डाव्या खांद्यावर जाऊन थांबले. डावा पाय जागेवर होता. छाती समोर, टाच वर, कोपर मोकळे. मी हललो नाही. चेंडू कुठं गेला ते मला दिसलं नाही, कारण अंगावर घाम फुटून डोळ्यांत उतरला होता. आबांना दिसायचा प्रश्नच नव्हता. ते मला बघत होते. खालून वरपर्यंत, सावकाश बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांना काढायला चूक सापडली नाही.

मग ते रानाकडे वळले. समोर नुसतं काळंभोर फाटलेलं रान, बाभळीपर्यंत. शेवटचा चेंडू. त्यांनी कपाळावर हात धरला आणि जुन्या सवयीनं, मागं न बघता विचारलं,

"कुठी पडला व?"

असं ते एकाच माणसाला विचारत आले होते. विचारून झाल्यावर ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण कपाळावरचा हात तसाच राहिला. बांधावर अक्कांचा विळा थांबला.

"बाभळीच्या अलीकडं," निंबाखालून आवाज आला. "दोन हात डावीकडं. भेगेत गेला, आबा."

आबांनी कपाळावरचा हात खाली घेतला. मला वाटलं, आता माझ्याकडे वळतील आणि म्हणतील, यांना सांगा. ते वळले नाहीत.

"तार आनली का?"

तिनं आणली होती. पदरात गुंडाळून, घरूनच. ती पुढे आणि ते मागे, असे दोघं ढेकळं तुडवत गेले. बाभळीजवळ ती रानात पालथी पडली आणि तिनं तार भेगेत घातली. आबा तिच्या डोक्याशी उभे राहिले, खांद्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी पसरून तिच्यावर सावली धरली. काहीतरी बोलत होते. काय ते इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं.

अक्का बांधावरून हळूच म्हणाल्या, जावाई, हात खाली घ्या आता.

माझे खांदे भरून आले होते, डावी पोटरी थरथरत होती आणि डोळ्यांतलं पाणी आता नुसतं घामाचं राहिलं नव्हतं. पण मी हललो नाही. आबांनी मला बस म्हटलं नव्हतं, आणि त्या सकाळी ते म्हणायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.