लाटसाहेबाच्या वाड्यात माय

परवा नातीनं फुलदाणीत गुलाब ठेवले आणि त्या वासानं मला दिल्लीतला लाटसाहेबाचा वाडा आठवला. लढाईत मेलेल्या माझ्या मोठ्या भावाचं पदक घ्यायला आमच्या केनवड गावाहून मी आणि माय तिथं गेलो होतो. समारंभ झाल्यावर आमच्याच मुलखातला एक कारकून आम्हाला गुलाबांनी सजलेली दालनं दाखवत होता. एका बंद दाराशी माय थांबली.

"माह्या पोराले इथंच ठेवलं काय? मले पाहू द्या."

"नाही बाई, त्याले तिकडं परदेशातच अग्नी दिला," कारकून हळूच म्हणाला.

"मंग मले इतल्या दूर कायले बोलावलं?"

त्यानं आम्हाला पुढच्या दालनाकडं वळवलं. माय भांबावली आहे, असं तेव्हा मला वाटलं. परतीच्या गाडीत तिनं गाठोडं सोडलं, तर आत भावाचं धुतलेलं धोतर होतं. घरून निघाली होती ती त्याला न्यायलाच.