गणपतीला वाहिलेली रानातली नाचणी

आजी प्रत्येक गोष्ट नीट तपासून करते, असं तुमचे बाबा तुम्हाला सांगत असतात. हे वाचून त्यांचं मत बदललं, तर माझी हरकत नाही.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत गणपती बसतो. त्याला रोज एकवीस दूर्वांची जुडी लागते. बाजारातल्या दूर्वा मळक्या असतात, माझ्या कुंडीतल्या देईन, असं गेल्या वर्षी मीच जाहीर केलं आणि दिल्याही. यंदा तर कुंड्या अशा भरल्या, की मी त्यांवर दूर्वेच्या इंग्रजी नावाच्या चिठ्ठ्या लावल्या.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी जुड्या बांधत होते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई वाशीमकडच्या. त्यांनी एक काडी उचलून बोटांत फिरवली.

"काकू, ही दूर्वा नाही. रानातली नाचणी आहे. आमच्या वावरात आम्ही उपटून फेकतो."

त्यांना खोटं पाडायला मी इंग्रजी पुस्तक आणि भिंग आणलं. पुस्तक सरळ त्यांच्या बाजूचं निघालं. दूर्वेचा दांडा जमिनीवर सरपटतो, पेरापेराला मुळं धरतो. माझा झुबका जागच्या जागी गोल पसरलेला. ओढला तर अख्खा मुठीत आला. दांडा चपटा, बुडाशी पांढरट. दूर्वेच्या तुऱ्याची बोटं सुतासारखी बारीक. याची जाड, एका अंगाला दाणे दाटीने बसवलेले. आणि हे गवत वर्षात मरतं, पण बी सांडून जातं. म्हणजे गेल्या वर्षीही हेच!

"भिंगाशिवाय दिसतंय की," बाई कणीक मळता मळता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा. न सांगता जुड्या देऊन टाकाव्यात, असं मनात आलं, खोटं का सांगू? पण बाईंना माहीत होतं. मी सेक्रेटरींची बेल वाजवली.

"म्हणजे गेल्या वर्षी वाहिली ती?" त्यांनी विचारलं.

"तीही हीच."

"तरी देव काही बोलला नाही. तुमच्या वयाचा मान ठेवला असेल. आता दूर्वा कोण आणणार?"

"मीच."

रिक्षाने मंडईत गेले. फूलवालीसमोर उभी राहून एकेक जुडी भिंगाखाली धरली. दांडा गोल, बोटं बारीक, पेरांना मुळं. मागे रांग वाढत चालली.

"आजी, दूर्वा घेताय की सून बघताय?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"सून इतकी नीट पाहिली नव्हती," मी म्हटलं आणि पुढची जुडी उचलली.