बाबांना लंडन दाखवताना

फ्रीजवर मॅग्नेट साठतात तसे हे किस्से साठतात. आपण जमवायला जात नाही, येणारा प्रत्येक पाहुणा एकेक चिकटवून जातो!

क्रॉयडनला आम्ही पाच-सहा मराठी सॉफ्टवेअरवाले राहायचो. दर समरला कुणाचे ना कुणाचे आईवडील यायचे. त्या वर्षी माझा एक प्रोजेक्ट संपला होता आणि दुसरा मिळाला नव्हता, म्हणजे सगळ्यांची गाइड मीच!

*

पहिली पाहुणी माझीच आई. पुण्याहून आलेली.

राजवाड्याच्या फाटकाशी आम्ही तासभर ताटकळलो. आत हालचाल म्हणून दिसेना. शेवटी आई म्हणाली, “आधी फोन करून यायचं ना गं! असं कुणाच्या दारात जाऊन उभं राहतात का?”

*

एका छोट्या म्युझियममध्ये काचेच्या कपाटात चक्क आपली नारळ खवायची विळी होती. खाली पाटी, ‘धार्मिक विधीतले शस्त्र असावे.’

आईने मला ती दोनदा वाचायला लावली. मग शेजारच्या इंग्लिश बाईंना हातवारे करून खोबरं खवून दाखवलं आणि म्हणाली, “एव्हरी मॉर्निंग. चटणी!”

बाईंनी अतिशय आदराने मान लववली.

*

आईनंतर आले मिलिंदचे बाबा. मिलिंद आमच्यातला नागपूरकर. बाबा तिथल्या एका म्युझियममध्ये एकतीस वर्षं अटेंडंट होते. दाराशी स्टुलावर बसून त्यांनी वस्तू पाहणारे लोक पाहिले.

“आता त्यांनी आरामात बघायचं आणि मी दाखवायचं,” मिलिंद मला म्हणाला. “इतकंच हवंय बघ मला.” एरवी हा माणूस वाढदिवसाच्या केकवरही इमोशनल होत नाही!

पहिल्याच दिवशी आम्ही ममीसमोर उभे.

“बाबा, तीन हजार वर्षांपूर्वीची आहे!”

“हो ना. अन् काचेवर एक बोट नाही! पुसते कोण रे?”

पुढचे दोन तास बाबांनी कुलपं, बिजागऱ्या आणि दिवे पाहिले.

*

दुसरं एक म्युझियम बंद व्हायला पंधरा मिनिटं उरली होती. बाबांनी घड्याळ पाहिलं, टाळी वाजवली आणि हॉलभर फिरले, “चला, चला, टाइम झाला!”

शुद्ध मराठीत! आणि लोक निघाले. एका बाईंनी तर जाताना ‘थँक यू’ म्हटलं.

“बाबा, काय करून राहिले तुम्ही!” मिलिंद लालबुंद.

“अरे, यांचा स्टाफ बिचारा घरी कधी जाईल?”

*

शेवटच्या शनिवारी मिलिंदने त्यांना हात जोडले. “बाबा, आज तुम्ही पाहुणे. फक्त बघायचं. कुणाला काही म्हणायचं नाही.”

बाबांनी शब्द पाळला. हात पाठीमागे बांधून, एका शब्दानेही न बोलता चित्रांमागून चित्रं पाहिली. मिलिंद दाखवेल तिथे मान हलवायची आणि पुढे. इतकं वाईट वाटलं मला! आणि मिलिंदला माझ्याहून जास्त.

“चुकलंच माझं,” तो पुटपुटला.

फुलदाण्यांच्या दालनात बाबांचे पाय दुखायला लागले. बाक दिसेना. त्यांना तिथल्या म्हाताऱ्या गार्डजवळ थांबवून आम्ही लिफ्ट शोधायला गेलो.

परत येऊन पाहतो तर गार्ड दाराशी उभा राहून एका कुटुंबाला रस्ता सांगत होता. आणि त्याच्या खुर्चीत बाबा! पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर पूर्ण दालनावर. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर खुशी दिसत होती.

मिलिंद तिथेच थांबला. उठवायचं की नाही, ते त्याला कळेना. नकळत त्याचा हात बाजूच्या शोकेसवर टेकला.

बाबांनी वळून पाहिलं. आवाज अगदी मऊ.

“साहेब, काचेला हात नका लावू.”

मिलिंदने हात काढला.