पेच्चियम्माळचा कोपरा

पेच्चियम्माळ आयुष्यात एकदाच कंपनीशी भांडून जिंकली, आणि ते जिंकणं ती अजून भोगतेय.

आरळवायमोळीच्या खिंडीत तिचं रान. इंजिनियर जेबसिंगने पवनचक्कीसाठी रानाचा मोकळा मध्य मागितला होता.

"तिथं माझी केळी आहेत. कातळामागचा कोपरा घ्या. तिथं काय वारा येत नाही?"

वारा येत होता, चांगला पदर उडवणारा. जेबसिंग नको म्हणत राहिला, पण त्याच्या साहेबांना वाद नको होता. चक्की कोपऱ्यात उभी राहिली.

तेव्हापासून दर वर्षी काहीतरी मोडतंच. यंदा ऐन आडी महिन्यात, वारा सगळ्यात जोरात असताना, एका पात्याच्या मुळाशी चीर सापडली. चक्की थांबवली, पातं मात्र उतरवावंच लागणार होतं. ओणमसाठी केरळात जायचे नेंद्रन केळीचे घड भरत आले होते, आणि कोपऱ्याकडे जायची वाट बागेतूनच.

"अक्का, मोकळ्यावर वारा सरळ येतो," जेबसिंग म्हणाला. "इथं कातळावर फुटतो, त्याचे भोवरे होतात. एका पात्याला रेटतो, दुसऱ्याला सोडतो. ही बादलीची कडी रोज मागंपुढं वाकवत बसलात तर? लोखंडसुद्धा थकतं."

"थकतं! आणि मी थकत नाही? माझी चीर बघायला कोण येतंय, तंबी?"

"कोपरा तूच दिलास, पेच्ची," ओट्यावरून सुडलैमुत्तु, तिचा नवरा, म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तेव्हा मान कोण डोलावत होतं?"

पातं निखळलं तर घरावरच यायचं. तिने केळींना लावलेले टेकू काढले, क्रेनला वाट दिली. केळीच्या दोन ओळी आडव्या झाल्या. क्रेन कोपऱ्यात पोचली, ड्रायव्हरने वर पाहिलं आणि मान हलवली.

"एवढ्या वाऱ्यात पातं काढलं तर पतंगासारखं फिरेल. वारा पडला की येतो."

"येतो म्हणजे? आता जाणार?"

"दुसरीकडे काम आहे, अक्का. वळवायला जरा ती पलीकडची ओळ..."

पेच्चियम्माळ घरात गेली, बाज ओढत आणली आणि क्रेनच्या चाकापुढे टाकून वर बसली.

"वारा पडेपर्यंत हे धूड इथंच राहील. घड उतरले की मग कुठूनही वळव."

"अक्का, साहेब मला शिव्या घालतील," जेबसिंग कळवळला.

"घालू देत. मी काय रोज ओव्या ऐकतेय?"

जेबसिंगने सुडलैमुत्तुकडे पाहिलं. सुडलैमुत्तुने आभाळाकडे पाहिलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, तरी ती बाजेवरून उठली नाही.